नसलेल्या लेकीची आखाजी

आखाजी आठ दिवसांवर आली की जळगावात रस्त्यांच्या कडेला घागरी उतरतात. लालभडक, पोटाशी जरा काळसर, गवतावर एकमेकींना टेकून बसलेल्या. बायका येतात, वाकतात, बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजली तर घागर घरी, बद्द वाजली तर परत गवतावर. गेली आठ वर्षं त्या टिचक्या कानावर पडल्या की मी रस्ता बदलतो. माझी बायको मंदा दर वर्षी विचारते, "घागर आणायची म्हटलं की तुमचं डोकं नेमकं तेव्हाच कसं हो दुखतं?" मी ऊन लागल्याचं सांगतो. खानदेशात हे कारण कुणालाही पटतं.

इतरांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे ती आखाजी, आणि आखाजी मेलेल्यांची. घरातून गेलेले सगळे त्या दिवशी तहानलेले येतात. त्यांच्यासाठी नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर खरबूज नाहीतर आंबा ठेवायचा, निखाऱ्यावर पुरणपोळी-आमरसाचा घास टाकायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचं. नाव महत्त्वाचं. ज्याचं नाव घेतलं नाही त्याला पाणी पोचत नाही, तो उंबऱ्याशी तसाच उभा राहतो, असं आमच्याकडे मानतात. मीही मानतो. माझा गुन्हा या समजुतीतूनच झाला, पण तो समजुतीच्या माथी मारायचा नाही, असं ठरवून आज लिहायला बसलो आहे.

आमचं घर वंशावळी वाचणाऱ्या भाटांचं. माझे वडील, आबा, एरंडोलकडच्या खेड्यांतून फिरायचे. खांद्यावर लांबट वह्यांचं गाठोडं. कुणाच्या ओट्यावर घोंगडी अंथरली की वही उघडायची: मूळ पुरुष, त्याचे लेक, लेकांचे लेक. तासभर नावांची धार लागे. मधेच एखादं पान कसरीनं खाल्लेलं असे. तिथे आबा थांबत आणि सरळ सांगत, "इथलं नाव गेलेलं आहे." एकदा एक पाटील चिडून म्हणाले, "आबा, भाट ना तुम्ही? घाला की एखादं. कोण विचारायला येतंय!" आबा म्हणाले, "पाटील, तुमच्या आजोबाला मी माझ्या पसंतीचा बाप देऊ का?" सगळा ओटा हसला. पाटीलही हसले. आबांचं मोडी वाचणं माझ्या वाट्याला आलं, वह्या आल्या. ते थांबणं मात्र आलं नाही.

मी एका शाळेत कारकून आहे. जुनी कागदपत्रं वाचून देतो, ही माझी हौस. त्या हौसेपोटीच रेनाटे माझ्या घरी आली. जर्मनीतल्या डोंगराकडच्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका, तेव्हा सत्तरी ओलांडलेली, उंच, उन्हानं शेंदरी झालेली. दीडशे वर्षांपूर्वी तिचा एक पूर्वज इकडे धुळ्याला आला होता. कापूस दाबून गठ्ठे बांधायच्या पेचाबरोबर, ते यंत्र बसवायला. नाव योहान. तिनं जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. गाव सोडून परदेशी गेलेल्यांची गावानं ठेवलेली नोंदवही. बंदरातली प्रवाशांची यादी. आणि गावाचं कुटुंबपुस्तक, त्यात प्रत्येक घराण्याला एक पान. पहिल्या कागदावर लिहिलं होतं: योहान, लोखंडकाम करणारा, सोबत बायको अन्ना, गरोदर, जाणार हिंदुस्थानात. कुटुंबपुस्तकातल्या योहानच्या पानावर 'मुलं' या शब्दापुढे काहीच नव्हतं.

"आमच्याकडे प्रत्येक घराण्याला एक पान असतं," ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याकडेही," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो आणि आबांची वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं वहीवर तळहात ठेवला. एखाद्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा, तसा.

तो सगळा हंगाम मला आजही अंगावरच्या उकाड्यासारखा आठवतो. जळगाव-धुळे एसटी, खिडकीची पत्र्याची कड हात लावता येऊ नये इतकी तापलेली, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. त्या रानांवर ऊन हलतं. दूर पाणी असल्यासारखं दिसतं आणि त्या पाण्यात झाडं उलटी उभी असतात. रेनाटेनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं, "ते तळं कोणतं?" मी म्हणालो, "तिथे काही नाही." ते मात्र मी खरं सांगितलं.

आमच्याकडे भुतांना रात्र लागत नाही. वैशाखातली दुपार पुरते. बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानांची दारं अर्धी खाली. पायाखालची सावली पायातच शिरलेली. अशा वेळी हाक आली तर ओ देऊ नये, असं आई सांगायची. अशा चार दुपारी आम्ही दोघं धुळ्याबाहेरच्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत काढल्या. पडका गडगा, सुकलेलं गवत, खचलेले चौथरे आणि मधोमध एकच कडुनिंब. शेजारी गंगू अक्काची झोपडी. तिचा नवरा कधीकाळी तिथला राखणदार होता. तो गेला, पगार थांबला, पण अक्का तिथेच राहिली, चार शेळ्यांसह. रेनाटे कबरींवरची धूळ ब्रशनं झाडायची आणि अक्का तिला बघून म्हणायची, "हाई बाई तं मेलेल्यास्ना दात घासी ऱ्हायनी!" मी भाषांतर केलं नाही. तरी रेनाटे हसली.

दफनाच्या नोंदवह्या तिथल्याच एका बंद कोठीत होत्या. किल्ली मिळवली. तिसऱ्या दिवशी योहान सापडला. त्याच्या खाली आठ दिवसांनी अन्ना. दोघंही तापानं. रेनाटे कितीतरी वेळ त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "आणि मूल?" मी पान उलटलं. पुढची पानं वाळवीनं एकमेकांत शिवली होती. उचलायला गेलं की माती पडायची.

चौथ्या दिवशी ती कोठीबाहेर पायरीवर बसून राहिली. आत येण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. ओला रुमाल डोक्यावर. दुसऱ्या दिवशी आखाजी, तिसऱ्या दिवशी तिचं परतीचं विमान. आदल्या रात्री ती मंदाला म्हणाली होती, "त्या पानावरची ती मोकळी जागा मी सात वर्षांची असल्यापासून बघते आहे. ती तशीच ठेवून मला मरायचं नाही." मी कोठीत एकटा उभा होतो. घामानं हाताला माती चिकटलेली. दारातून तिची पाठ दिसत होती. आणि मी बाहेर आलो आणि म्हणालो, "सापडलं. एक सुटं पान होतं. मुलगी. लीना. दोन वर्षांची. तापानं."

नाव कुठून आलं? जिभेवर आलं. आपल्याकडेही असतं, तिच्याकडेही असतं, एवढाच विचार त्या क्षणात झाला असेल. ती धडपडत उठली. "मला पान बघू द्या."

मी तिच्यासमोर दोन्ही तळहात उघडले. मातीचा भुगा होता. "उचलताना हातात विरलं," मी म्हणालो.

तिनं त्या भुग्याकडे पाहिलं. मग माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन ती रडायला लागली. ती माझ्या हातांवर रडली. हे मी आता-आतापर्यंत मंदालाही सांगितलं नव्हतं.

कबर कुठे, हेही मग सांगावं लागलं. खोटं एकदा उभं केलं की ते बसायला जागा मागतं. निंबाखाली एक लहानसा उंचवटा होता, मी तो दाखवला. दुसऱ्या दिवशी रेनाटेनं आमच्या घरी घागर भरताना पाहिली, आबांचं नाव घेताना ऐकलं, आणि तिनंही घागर मागितली. आम्ही धुळ्याला गेलो. निंबाखाली घागर ठेवताना गंगू अक्का आली. कोण मेलं ते तिनं मला विचारलं आणि मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, लेकरूले एवढी मोठी घागर कसाले? धाकलं मडकं लई येस मी." तिनं स्वतःच्या झोपडीतून एक लहान मडकं आणून भरलं. रेनाटेनं वाकून नाव घेतलं. दोनदा. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. तरी मडक्यातलं पाणी मी हलताना पाहिलं. मी मनात म्हणालो, बाईचा हात लागला असेल.

रेनाटे गेली. पत्रं येत राहिली; पहिल्याच पत्रात कळलं, कुटुंबपुस्तकात लीनाची नोंद झाली. माझं धुळ्याला जाणं-येणं कामानिमित्त चालूच होतं. पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी मी दफनभूमीवरून जात होतो तर निंबाच्या फांदीला कुणीतरी खेळण्यातला लाकडी पाळणा बांधलेला. त्याच्या पुढच्या वर्षी पाळणे सात होते. उंचवट्यावर दगडांचं कुंपण, वर हिरव्या बांगड्या. अक्का म्हणाली, "बठ्ठा गावले माहीत शे आते. लेकरू नही ज्यास्ले, त्या बाया येतस." आणि मग सहज, शेळीला पाला टाकता टाकता म्हणाली, "दुपारले रडस ती. मी पानी ठेवस, तवय गप ऱ्हास."

मी काही ऐकलं नाही, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. त्या दिवशी दुपारचा एक वाजला होता. मी गडग्याशी उभा होतो. शेळ्या सावलीत निजलेल्या. पाळणे स्थिर. आणि निंबाच्या बुंध्याकडून एक बारीक, थकलेला, बऱ्याच वेळापासून चाललेला असा हुंदका आला. पोपट असेल. मांजर असेल. मी ओ दिली नाही. मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, त्या उन्हात, आणि पूर्ण रस्ता मागे वळून पाहिलं नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेत बालवर्गाचे प्रवेश चालू होते. एक बाई मुलीचा हात धरून माझ्या टेबलाशी आली. मी अर्ज पुढे ओढला. "मुलीचं नाव?"

"लीना."

माझं पेन थांबलं. बाई कौतुकानं सांगायला लागली, "नऊ वर्षं मूल नव्हतं ना, सर. धुळ्याचं माहेर माझं. तिथे लीनाईच्या निंबाला नवस बोलले, तर ही झाली." मुलगी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होती. एक दुधाचा दात पडलेला. मी नाव लिहिलं. खोडावं न लागता, सुवाच्य अक्षरात. एकाच नावाची नोंद मी दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा लोकांनी मला धन्यवाद दिले होते.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. खोटं आता कुणाचं वाईट करत नाही, उलट बायांना लेकरं देतं, असं मी स्वतःला समजावत आणलं होतं. पण या मार्चमध्ये धुळ्यातल्या एका जुन्या वकिलांच्या घरातले मोडीतले रुमाल माझ्याकडे वाचायला आले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यात एक अर्ज निघाला. एका भिल्ल बाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेला, खाली तिचा अंगठा. कापसाच्या पेचाकडील फिटर योहान साहेब जर्मन व त्यांची मडम, दोघे तापाने वारली. मूल पुरुषजात, दात आले आहेत, मजकडेच दूध पिते. सरकारने मूल दुसरीकडे धाडण्याचे योजिले आहे असे ऐकते. तरी त्यास मजपासून तोडू नये. तोडल्यास ते जगणार नाही व मीही.

खाली हुकूम लिहायची जागा होती. तिथून कागद फाटलेला.

मी तो तीनदा वाचला. मुलगा. जिवंत. आईबाप गेल्यावर जिवंत. आणि मी त्याला एका घामट दुपारी मुलगी करून, दोन वर्षांची करून, तापानं मारून पुरलं होतं. त्याला बाईनं नेलं असेल तर तो इथेच कुठे वाढला असेल, कापूस वेचला असेल, त्याला लेकरं झाली असतील. दोंडाईच्याच्या बाजारात माझ्या खांद्याला खांदा घासून त्याचे पणतू गेले असतील. त्यांना कुणी शोधलं नाही, कारण मी शोध संपवला होता. पुस्तकातलं पान भरलं होतं.

त्याच आठवड्यात रेनाटेचं पत्र आलं. ती आता वृद्धाश्रमात आहे, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. तिनं गावच्या दफनभूमीत घराण्याच्या दगडावर लीनाचं नाव कोरून घेतलं होतं. 'मी त्याच दगडाखाली जाईन,' तिनं लिहिलं होतं, 'आणि मला बरं वाटतं की तिथे एक लहान मूल आहे.'

मी आधी मंदाला सांगितलं. ती पोळी लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं. हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "म्हणजे आठ वर्षं मी आपल्या घागरीशी त्या पोरीचंही नाव घेतेय." मला हेही माहीत नव्हतं. "उद्या धुळ्याला जा," ती म्हणाली. "आधी अक्काला सांगा. रोज तिथे राहते ती."

गेलो. अक्का निंबाखालीच बसली होती, आता फार म्हातारी, डोळ्यांत फूल पडलेलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तू म्हनस ती व्हतीच नही."

"नव्हती, अक्का. मीच नाव घातलं."

"मंग दुपारले रडस ती कोन शे रे भाऊ?"

तिनं हात चाचपत मडकं जवळ ओढलं, पाणी किती आहे ते बोट बुडवून पाहिलं. "नाव तू दिन्हं, पानी मी दिन्हं," ती म्हणाली. "आते तिले कोठे धाडू मी?" रागानं नाही. घरात आलेल्या पोरीला झोपायला कुठे जागा करायची, असं विचारावं तसं. मी तिथून उठलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं आणि पाळण्यांतला एकच, मधला, हलत होता.

रेनाटेला पत्र लिहून मोकळं होता आलं असतं. चार मसुदे केले. प्रत्येकात मी बरा दिसत होतो. म्हणून व्हिडिओ कॉल केला, गेल्या मंगळवारी, शाळा सुटल्यावर. ती उशांना टेकून बसली होती. चेहरा इतका लहान झालेला की आधी ओळखू आली नाही. मी बोललो. सुटं पान नव्हतं. भुगा होता, पण तो नुसता मातीचा होता. उंचवटा कुणाचा ते मला ठाऊक नाही. आता मुलाबद्दलचा एक जुना अर्ज सापडला आहे. पडदा गोठला असं वाटून मी "हॅलो" म्हणालो.

"मी आहे," ती म्हणाली. मग, "आठ वर्षं तुम्ही मला एका मुलीसाठी रडायला लावलंत."

"हो."

"मी तिच्यासाठी गाणं म्हणते. झोपताना. तुम्हाला कल्पना आहे?"

"नाही."

"दगड पुसता येणार नाही आता. मी तिच्याशेजारीच झोपणार, जी कधी नव्हतीच." ती खिडकीकडे बघत राहिली. तिच्या खिडकीबाहेर पाऊस पडत होता, माझ्या खिडकीबाहेर ऊन जळत होतं. "मी तुम्हाला माफ करते असं म्हणणार नाही. त्याला वेळ लागतो आणि माझ्याकडे तो नाही. तो कागद वाचा."

"इंग्रजीत सांगतो, थोडं..."

"नाही. जसा आहे तसा. तुमच्या भाषेत. मग अर्थ सांगा."

मी वाचला. मोडीतून थेट, अडखळत, कुठेही न सावरता. मग अर्थ सांगितला, एकेक वाक्य. दूध पिते, या वाक्याला तिनं मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. दात आले आहेत, हेही पुन्हा. फाटलेल्या कडेशी आलो.

"पुढे?"

"पुढे कागद नाही. मूल तिला दिलं की नाही, मला माहीत नाही."

ती डोळे मिटून पडली. नर्स आत येऊन काहीतरी म्हणाली, तिनं हातानंच तिला थोपवलं. मग उशाखालून वही काढली, चष्मा लावला, आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "गावच्या पुस्तकाची दुरुस्ती मी कळवणार आहे. लीना काढायची. त्या जागी मुलाचं नाव मी लिहू शकत नाही. पण त्याला कुणी धरून ठेवलं होतं, ते लिहू शकते. त्या बाईचं नाव कागदावर आहे?"

"आहे."

"सांगा. अक्षर अक्षर सांगा."

मी कागद डोळ्यांजवळ नेला. "झि," मी म्हणालो. तिला तो उच्चार जमेना. तीनदा म्हटला, मग तिनं तिच्या पद्धतीनं काहीतरी लिहून घेतलं. "प." पेन सरकलं. "री."

"झिपरी," ती हळूच म्हणाली. "आणि पुढे? नवऱ्याचं नाव? गाव?"

अर्जाच्या वरच्या कडेला शाई पसरली होती. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर भ असावं, गावाचं शेवटचं रे. मला दोन्ही नावं अंदाजानं येत होती.

"एवढंच वाचता येतं," मी म्हणालो. "झिपरी. एवढंच."